प्रुबा: एका चाचणी नाण्याची चाचणी

नाणं चुंबकाला टक्‌कन चिकटलं आणि कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ गालातल्या गालात हसले. "गेलं की हो सर तुमचं!" त्यांच्या धंद्यात चुंबकाला चिकटलं म्हणजे आत लोखंड, म्हणजे गिऱ्हाईक फसलं. मी मात्र इतका खूश झालो की खाली वाकून पोऱ्याला तीन चहा सांगितले. माझं नाणं न चिकटतं तर मी फसलो असतो.

हे नाणं पोलंडचं. 1978 सालचं, 20 झ्लॉटींचं, त्यावर PRÓBA असा शब्द. आपल्याकडे आपण "झ्लॉटी" लिहितो. तिकडे त्या आडव्या रेघेच्या एलचा उच्चार 'व'सारखा होतो, म्हणून "झ्वोती". आणि टोपीवाला ओ म्हणजे 'उ', म्हणून "प्रुबा". हे मला भाच्यानं शिकवलं. ओंकार व्रोत्सवाफला नोकरीला आहे. प्रुबा म्हणजे चाचणी. पण चलनात आणण्याआधी साचा तपासायला पाडलेलं नाणं एवढाच पोलंडमध्ये त्याचा अर्थ राहिलेला नाही. त्या काळी तिथली टांकसाळ एकेका नाण्याची शुद्ध निकेलमध्ये ठरावीक संख्येत चाचणी आवृत्ती पाडायची. माझ्या नाण्याच्या अशा प्रती 500. चलनातलं भावंड लाखोंनी निघालं, हे पाचशेच.

कोल्हापुरातल्या निवृत्त फिजिक्सच्या मास्तराला पोलंडचं नाणं कशाला हवं, असं विचाराल. आमच्या घरात "जेन्कुये" हा शब्द माझ्या जन्माआधीपासून आहे. आजोबा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात भाजी पुरवायचे. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-मुलं. आजोबांनी टोपलीतली काकडी जास्तीची टाकली की समोरची पोलिश बाई म्हणायची "जेन्कुये", म्हणजे आभारी आहे. आजोबांनी तो शब्द उचलला आणि घरात आजीनं ताटात जरा बरी भाकरी वाढली की ते आजीला "जेन्कुये" म्हणायचे. आजी चिडायची. तिला वाटायचं ही काहीतरी शिवी आहे.

तर त्या नात्यानं मी पोलंडची नाणी जमवायला लागलो. नेटानं नाही, हाताला लागतील तशी. अल्बममध्ये एक पान वळिवड्याचं: गांधीनगरचं (कॅम्पाच्या जागेला नंतर पडलेलं नाव) प्रवासाचं जुनं तिकीट, महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकाचा मी काढलेला फोटो आणि चार-पाच नाणी. त्यात 1978 चं चलनी 20 झ्लॉटींचंही होतं. त्यावर शिरस्त्राण घातलेला अंतराळवीर आणि पोलिशमध्ये "पहिला पोल अंतराळात" अशा अर्थाची अक्षरं. मिरोस्वाव हेर्माशेव्हस्की हा पोलंडचा वैमानिक 27 जून 1978 ला सोव्हिएत कमांडर प्योतर क्लिमुकबरोबर सोयुझ-30 मधून बायकोनूरहून निघाला, साल्यूत-6 स्थानकावर राहिला आणि 5 जुलैला परत आला. मित्रदेशांची माणसं अंतराळात नेणाऱ्या सोव्हिएत संघाच्या त्याच इंटरकॉसमॉस कार्यक्रमातून पुढं 1984 मध्ये आपला राकेश शर्मा गेला. म्हणजे हे दोस्तीचं नाणं, असं मी समजत होतो.

2019 च्या सप्टेंबरात कॅम्पात वाढलेली म्हातारी मंडळी पोलंडहून आणि इतर देशांतून कोल्हापूरला आली होती. कार्यक्रमाच्या गर्दीत मी अल्बम घेऊन गेलो. एका आजींना तो दाखवला. नव्वदीच्या आसपासच्या असाव्यात, पांढरी टोपी, हातात काठी. तिकिटावर त्या बराच वेळ थांबल्या, बोटानं गांधीनगर हे नाव गिरवलं. त्यांच्या वेळी ते नाव नव्हतंच, हे मला नंतर सुचलं. मग नाण्यांकडे वळल्या. अंतराळवीराचं नाणं त्यांनी खळग्यातून काढलं, बघितलं आणि परत ठेवताना उलटं ठेवलं. अंतराळवीर खाली, मागच्या बाजूचा पोलंडचा गरुड वर. काही बोलल्या नाहीत. पुढच्या नाण्यावर गेल्या.

चुकून झालं असेल, असं म्हणून मी घरी येऊन ते सुलटं केलं. पण डोक्यातून जाईना. मग वाचत बसलो. वळिवड्याला आलेले लोक मुळात पूर्व पोलंडमधले. 1939 मध्ये सोव्हिएत फौजांनी तो भाग घेतला आणि 1940 पासून त्या लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. 1941 च्या जुलैत पोलंडचं लंडनमधलं सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, तेव्हा ते सुटले आणि इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडीला लहान मुलं, आणि मोठी छावणी आपल्या वळिवड्याला. हे सगळं मला ढोबळ माहीत होतं. पण त्या नाण्याशी त्याचा सांधा कधी जोडला नव्हता. ज्यांनी गाडीत घातलं, त्यांच्याच दोस्तीचं नाणं मी त्या बाईंच्या हातात कौतुकानं ठेवलं होतं. तोंडाला चव राहिली नाही. आणि हेर्माशेव्हस्की स्वतःही त्याच पूर्वेकडचा, व्होलिनियाचा, 1941 चा जन्म. सरळ उत्तर हाती लागू नये अशीच सगळी गोष्ट.

मग मी ते नाणं पहिल्यांदा नीट वाचलं. त्यावर रशियन अक्षर एकही नाही. दोस्ताचं नाव नाही. आपल्या टपाल खात्यानं 1984 मध्ये तशाच उड्डाणासाठी 3 रुपयांचं तिकीट काढलं, त्यावर भारत-सोव्हिएत असा जोड उल्लेख आहे. पोलंडच्या नाण्यावर फक्त "पहिला पोल". मैत्रीचं नाणं काढायचं आणि मित्राचं नाव खाऊन टाकायचं, ही मुद्दाम केलेली गोष्ट की जागेची अडचण? माझ्या मनानं पहिलंच घेतलं, पुराव्याशिवाय. एवढ्यावरून मला त्याची प्रुबा हवीशी झाली. साचा पहिल्यांदा धातूवर उतरला तेव्हा कसा दिसला, ते हातात धरून बघायचं होतं.

आता चाचणी नाण्यांच्या बाबतीत मी एकदा चांगलाच भाजलो होतो. नाण्यांच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्यानं "भारत-सोव्हिएत मैत्री, ट्रायल पीस, फक्त वीस पाडली होती" म्हणून एक जाडजूड पांढरं नाणं माझ्या गळ्यात मारलं. साडेतीन हजार. एका बाजूला रॉकेट, दुसऱ्या बाजूला दोन हात. घरी आल्यावर भिंगाखाली धरलं तर त्यावर किंमतच नाही. सालाच्या आकड्याखाली टांकसाळीची खूणही नाही: मुंबईचा चौकोनी ठिपका नाही, हैदराबादचा तारा नाही, नोएडाचा गोल ठिपकाही नाही. कोलकात्याला खूण नसते, म्हणून मी स्वतःची समजूत काढली की कोलकात्याचं असेल. माणूस फसल्यावर किती हुशार होतो पाहा! खरी गोष्ट एवढीच की त्या उड्डाणासाठी आपल्या सरकारनं तिकीट काढलं, नाणं काढलंच नाही. न निघालेल्या नाण्याची चाचणी कुठून येणार? तो कुणीतरी पाडून घेतलेला बिल्ला होता. ते अजून माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय. त्या कामाला उत्तम आहे.

त्या साडेतीन हजारांत मी एक शिकलो. चाचणी नाण्यात फसवायला दोनच वाटा असतात. एक, मुळात कधी नसलेलं नाणं पाडायचं. दोन, साधं चलनी नाणं घ्यायचं आणि त्यावर चाचणीचा शब्द ठोकायचा. पोलंडच्या नाण्यांत दुसरी वाट सोपी, कारण 1978 चं चलनी नाणं किरकोळ पैशांत मिळतं. त्यावर पाच अक्षरांचा पंच मारला की झाली प्रुबा.

ओंकारला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, लिलावातून घेऊ. पण तू मला फोनवर बोली लावायला सांगू नकोस, तू थांबत नाहीस." ते खरं आहे. मी त्याला वरची मर्यादा दिली: 250 झ्लॉटी, एक पैसा पुढे नाही. 2023 च्या मार्चमध्ये एका ऑनलाइन लिलावात नाणं आलं. इथं रात्रीचे साडेअकरा. बायको म्हणाली, "अहो, मॅच आहे का कसली?" बोली 140 वर सुरू झाली, 180, 200, 220 आणि मग कुणीतरी 230. ओंकारनं 240 टाकले आणि तिथंच पडदा पडला. वर लिलाववाल्यांचे वीस टक्के. तेव्हाच्या भावानं नाण्याचे साडेपाच हजारांच्या आसपास झाले. पाचशे प्रतींच्या वस्तूला हे महाग म्हणता येणार नाही. तसल्याच संख्येच्या भारतीय वस्तूला आपल्याकडे काय मागतात, ते मी इथं लिहीत नाही.

ओंकार दिवाळीशिवाय येणार नव्हता आणि मला धीर नव्हता. त्यानं नोंदणीकृत टपालानं पाठवलं. वॉर्सा सुटल्याचं दोन दिवसांत दिसलं. भारतात आल्याचं आठव्या दिवशी. आणि मग तेवीस दिवस काही नाही. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तो तेरा अक्षर-अंकांचा नंबर टाकायचो. मग कस्टम्सचा एक ईमेल आला, ओळखपत्र आणि बिल पाठवा. पाठवलं. त्यावर दुसरा ईमेल, आणि हा मी छापून ठेवलाय. त्यात विचारणा अशी की नाण्यावर मूल्य 20 आहे, बिलात 240 का?

प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाही. मी बसून रीतसर उत्तर लिहिलं. पोलंडनं 1 जानेवारी 1995 ला चलनातली शून्यं कापली आणि जुन्या 10,000 झ्लॉटींची एक नवी झ्लॉटी केली. त्या हिशेबानं जुन्या 20 झ्लॉटी म्हणजे आताच्या 0.002, आपल्या पैशात तेव्हा पाच पैसेही नव्हते. तेही हे नाणं चलनात असतं तर. हे चाचणीचं असल्यामुळे 1978 मध्येसुद्धा त्यावर पावाचा तुकडा मिळाला नसता. त्यामुळे नाण्याची किंमत नाण्यावर नाही, बिलावर आहे, तीच धरावी. शिकवायची सवय जात नाही. एक तक्ताही जोडला होता. चार दिवसांनी पार्सल पुढं सरकलं. तक्त्यामुळे की कंटाळून, कोण जाणे. पोस्टमननं बाराशे साठ रुपये घेतले आणि दारातच म्हणाला, "गुरुजी, आत काय आहे ते तरी दाखवा, एवढे पैसे भरले ते."

मी त्याच्यासमोरच उघडलं. आधीच्या मालकानं नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं. त्या प्लास्टिकचा वास ओळखीचा होता, नव्या रेनकोटसारखा. पीव्हीसी. वर्षं गेली की ते घाम सोडल्यासारखं होतं आणि नाण्यावर हिरवट, चिकट पापुद्रा धरतो. गरुडाच्या पंखाच्या रेघांत तो बसला होता. चिंधीनं पुसायचा मोह झाला तर नाणं गेलंच म्हणून समजा, आरशासारख्या जागेवर केसासारखे ओरखडे उठतात. केमिकलच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणलं (नखांचं नव्हे, त्यात तेलं आणि रंग असतात), काचेच्या वाटीत नाणं बुडवून वर बशी झाकली आणि गॅसपासून लांब, गॅलरीत ठेवलं. दोन तासांनी नवं ॲसिटोन. तिसऱ्यांदा ते स्वच्छ राहिलं, मग काढून, न पुसता, टिपकागदावर उभं टेकवलं. क्षणात सुकतं. पापुद्रा गेला. एका पंखाखाली किंचित मळकट डाग राहिला, तो मी तसाच ठेवला.

मग चाचणीच्या नाण्याची माझी चाचणी. पहिलं काम भिंगाचं. नंतर ठोकलेली अक्षरं असली की त्यांच्या कडेला धातू जरासा फुगून उठतो आणि पलीकडच्या बाजूला, बरोब्बर त्याच जागी, एक चपटा ठसा दिसतो. इथं दोन्ही नव्हतं. पण डोळ्यांवर माझा एकदा विश्वास बसून साडेतीन हजार गेले होते.

दुसरं काम धातूचं. चलनी नाणं तांबं-निकेलचं, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. प्रुबा शुद्ध निकेलची. रंगात फरक इतका थोडा की ट्यूबलाइटखाली मी पैज लावणार नाही. घनतेनंही कळत नाही, दोन्हींची 8.9 च्या आसपास. पण शुद्ध निकेल चुंबकाला धरतं, आणि एवढं तांबं मिसळलं की ते धरणं संपतं. म्हणजे साध्या नाण्यावर कुणी कितीही सफाईनं PRÓBA ठोकलं तरी फ्रीजवरचं चुंबक त्याला उघडं पाडतं. माझं चिकटलं. आता राहिली एकच शंका: निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद असेल तर? तेही चिकटतं. पण पोलाद हलकं, 7.85. म्हणून गुजरीत जाणं आलं, कारण शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा माझ्याकडे नाही.

सराफांकडे वर्गातले जुने प्रयोग मांडून बसायची माझी ही पहिली वेळ नाही, ते ओळखून आहेत. गल्ल्यामागच्या फळीवर काटा, त्यावर पाण्याचा पेला. नाणं कोरडं तोललं: 10.12 ग्रॅम. मग पेला ठेवून काटा शून्यावर आणला. नाण्याला रेशमी दोरा बांधला आणि तो हातानं धरून नाणं पाण्यात अधांतरी सोडलं, तळाला लागू न देता. हात थरथरला की आकडे नाचतात. पहिल्यांदा 1.19 आला. माझ्या पोटात गोळा. बघतो तर गरुडाच्या पिसांत हवेचे बुडबुडे. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला, नाणं हलवलं, बुडबुडे सुटले. पुन्हा सोडलं. 1.15, 1.14, 1.14.

हा आकडा म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच त्याचं घनफळ. 10.12 ला 1.14 नं भागा: 8.88. पोलाद असतं तर काट्यावर 1.29 दिसला असता. काटा शेवटच्या अंकाला एखादी चूक करतो असं धरलं तरी एवढी मोठी दरी तो भरू शकत नाही. मी मोबाइलवर भागाकार करून तो सराफांसमोर धरला. ते म्हणाले, "म्हणजे खरं?" मी म्हटलं, खरं. मग त्यांनी आपलं चुंबक घेतलं, मागं दोन वेळा लावून काढलं आणि नोकराला म्हणाले, "बघ रे, चिकटूनसुद्धा खरं असतं." त्याला काही त्यात रस नव्हता.

घरी आणून मी ते नाणं रात्री दिव्याखाली धरलं. चलनी नाण्यात जी रेघ दळून गेलेली असते ती इथं धारदार आहे, शिरस्त्राणाची कड बोटाला लागते. पण मला जे शोधायचं होतं ते यात नाही. चाचणीच्या नाण्यावरही रशियन अक्षर नाही. म्हणजे मित्राचं नाव आधी होतं आणि मग गाळलं असं काही झालेलं यात दिसत नाही. मी जी गोष्ट मनात रचली होती ती या नाण्यानं तरी उभी राहत नाही. कदाचित त्यांना फक्त आपला माणूस वर गेल्याचा आनंद छापायचा असेल. हेर्माशेव्हस्की 2022 च्या डिसेंबरात वारला. मी नाणं घेतलं त्याच्या तीन महिने आधी.

ओंकारला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, "मामा, 1974 ची एक आहे पुढच्या महिन्यात, कोमेकॉनची, सोव्हिएत गटाच्या त्या आर्थिक संघटनेची, पंचवीस वर्षं, तीपण प्रुबा." मी विचारलं, वजन दिलंय का? "दिलंय." चुंबक लावून बघितलं का विचार त्यांना, म्हटलं.

नाणं कुठल्या पानावर लावायचं ते मात्र ठरत नव्हतं. वळिवड्याच्या पानावर ठेवायला हात होईना. शेवटी 1984 च्या तिकिटाशेजारी ठेवलं, राकेश शर्माच्या सोबतीला. वळिवड्याच्या पानावरचं जुनं, लाखोंतलं एक, तिथंच आहे. गेल्या महिन्यात पान बदलताना मी ते त्या आजींनी ठेवलं होतं तसं करून ठेवलं, गरुड वर.